हँगओव्हरची वही

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: "तीन ग्लास वाइन. झोप साडेचार तास. डोकं ८, मळमळ ६. पुन्हा कधीच नाही." आकडे त्रासाचे, दहापैकी. शेवटचे तीन शब्द नंतर खोडलेत. खोडल्याची तारीख बारा दिवसांनंतरची आहे.

मी हिशेब तपासते. पोटापाण्याचा उद्योगच तो. लोकांनी लिहिलेला आकडा आणि हातातली पावती जुळते की नाही ते बघायचं, नाही जुळली तर विचारत बसायचं. त्यामुळे वयाच्या ४१व्या वर्षी, तीन ग्लास वाइन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारचे तीन वाजले तरी बाथरूमच्या दारापासून लांब जायची हिंमत होईना, तेव्हा "वय झालं, दुसरं काय" या उत्तरावर मी काही सही केली नाही. पंचविशीत हेच तीन ग्लास पिऊन मी सकाळी नऊला कामावर हजर असायचे. मधल्या सोळा वर्षांत नेमकं काय बदललं? पावती दाखवा.

म्हणून ही वही. पाच वर्षांत ६४ नोंदी झाल्या. एकाच बाईचं एकच शरीर, तेव्हा याला कुणी शास्त्र म्हणू नये. पण वहीच्या निमित्ताने वाचन झालं, आणि वाचलेलं वहीशी ताडून बघता आलं. त्यातून जे टिकलं ते इथे मांडते.

ग्लास हे माप नव्हे

पहिली चूक सापडायला एक संध्याकाळ पुरली. नेहमीच्या ग्लासात मी वाइन जिथपर्यंत ओतते तिथपर्यंत पाणी भरलं आणि ते स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात ओतलं. २२० मिलिलिटर! बाटलीवर अल्कोहोल १४ टक्के. पंचविशीत मी प्यायचे ती वाइन १२ टक्क्यांची असायची, आणि दुसऱ्यांनी ओतलेली असल्यामुळे फार तर १५० मिलिलिटर.

आता गणित. मिलिलिटरला टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा, मग ०.७९ ने गुणा, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. उत्तर येतं ते निव्वळ अल्कोहोलचे ग्रॅम. जुना ग्लास १४ ग्रॅमचा, नवा २४ ग्रॅमचा. तीन ग्लासांचे तेव्हा ४३ ग्रॅम व्हायचे, आता ७३. माझं वय वाढलं होतं हे खरंच, पण ग्लासही वाढला होता आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

हे गणित एकदा तुमच्या नेहमीच्या पेयावर करून बघा. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर १३ ग्रॅमची. ८ टक्क्यांची ५०० मिलिलिटर स्ट्राँग बिअर मात्र ३२ ग्रॅमची, म्हणजे "मी फक्त दोनच बिअर घेतल्या" म्हणणाऱ्याने ६४ ग्रॅम रिचवलेले असू शकतात. ४० टक्क्यांची व्हिस्की, रम किंवा व्होडका ६० मिलिलिटर घेतली तर १९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक प्रमाण पेय धरते, ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅमचं, अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. "दिवसाला एक" असा सल्ला कुठे वाचलात तर तो कोणत्या मापातला एक, ते आधी विचारा. मी सरळ ग्रॅमच लिहिते. त्यात पळवाट राहत नाही.

दुसरा आकडा यकृताचा. साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम, एवढाच त्याचा वेग. काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, मैदानाला चार फेऱ्या, कशानेही तो वाढत नाही. ७३ ग्रॅम निस्तरायला आठ-दहा तास हवेत. रात्री नऊला सुरुवात केली तर शून्यावर यायला सकाळचे सहा-सात. आणि गंमत (तेव्हा गंमत वाटत नाही) अशी, की हँगओव्हर दारू अंगात असताना शिगेला पोचत नाही. रक्तातली पातळी शून्याजवळ येते तेव्हा तो सगळ्यात जोरात असतो. पहाटे पाचला उठून "अरे, मी तर ठणठणीत आहे!" असं वाटतं ना, ते ठणठणीत असणं नसतं. अजून उतरलेली नसते, एवढंच. अशा अवस्थेत गाडी चालवू नका. झोप झाली म्हणजे दारू उतरली असं नाही.

आत काय चाललेलं असतं

"पाणी कमी पडलं" हे सगळ्यात लोकप्रिय स्पष्टीकरण. ते खरं आहे, पण निम्म्याहून कमी. मेंदूतून व्हासोप्रेसिन नावाचं एक संप्रेरक सुटतं, ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतं. दारू त्या संप्रेरकाचा आवाज दाबते, म्हणून बारमध्ये स्वच्छतागृहासमोर रांग लागते. तोंडाला कोरड, चक्कर, डोकेदुखीचा काही भाग, हे सगळं या खात्यावर. पण मी वहीत सलग नऊ वेळा रात्री लिटरभर पाणी पिऊन झोपल्याची नोंद केली आहे. कोरड गेली, डोकं तेवढंच राहिलं. अभ्यासांतही हेच दिसतं: पाण्याने तहान भागते, हँगओव्हर फारसा हलत नाही.

मग उरलेलं काय? यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं. हे चांगलंच विषारी. मग दुसरं एक विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. या दुसऱ्या पायरीवर तुंबलं तर काय होतं ते माणसाने जाणूनबुजून करून पाहिलं आहे. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे दोन संशोधक डायसल्फिराम नावाचं रसायन जंतांवर उपयोगी पडेल का हे बघत होते, आणि त्यासाठी ते स्वतःच खात होते. त्यानंतर साधी बिअर घेतली तरी चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. रसायनाने नेमकं ते दुसरं विकर बंद पाडलं होतं. पुढे तेच दारू सोडवण्याचं औषध झालं. काही लोकांमध्ये, पूर्व आशियात विशेषतः, हे विकर जन्मतःच अधू असतं आणि अर्ध्या ग्लासात तोंड लाल होतं. तुमचं होत असेल तर "सवयीने जाईल" म्हणून रेटू नका. अशांना दारूमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

याशिवाय शरीर दारूला थोडंफार संसर्गासारखं उत्तर देतं. ताप येताना जे दाहाचे संदेश रक्तात फिरतात तसेच फिरू लागतात. अंग मोडून येणं, लक्ष न लागणं, कुणी बोललं तरी नको वाटणं हे त्यातून. पोटाचं अस्तर खवळतं, आम्ल वाढतं. आपण "पित्त झालं" म्हणतो ते तसं अगदी चुकीचं नाही. यकृत दारूत गुंतल्यामुळे नवी साखर तयार करायचं काम मागे पडतं, त्यातून थरथर आणि गळाठा येतो. मधुमेहावर इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही बाब किरकोळ नाही. डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

आणि झोप. माझ्या वहीत जो रकाना सगळ्यात जास्त बोलेल अशी मला कल्पना नव्हती तो हा. दारूने डोळा पटकन लागतो खरा, पण रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दाबली जाते. उत्तरार्धात दारू उतरू लागली की रात्रभर गुंगवून ठेवलेला मेंदू उलट उसळी घेतो. पहाटे साडेतीनला टक्क डोळे उघडतात, छाती धडधडते, आणि दहा वर्षांपूर्वी कुणाला तरी बोललेलं एखादं वेडंवाकडं वाक्य आठवून मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या वेळी ते वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. वाटू द्या. ते रसायन बोलतंय. सकाळी कुणाला माफीचे मेसेज पाठवायचे नाहीत, हा मी स्वतःसाठी केलेला नियम आहे.

मग हँगओव्हर वाढत का जातो?

वयाचं आधी निकालात काढू. वयाबरोबर हँगओव्हर वाढतो हे सगळेच सांगतात. पण डेन्मार्कमध्ये पन्नास हजारांवर लोकांची पाहणी झाली, २०१४मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात उलटंच दिसलं. भरपूर प्यायल्यानंतरच्या हँगओव्हरची तक्रार तरुणांमध्ये जास्त होती, वय वाढेल तशी ती कमी होत गेली. ज्यांना फार त्रास होतो ते वय वाढता वाढता पिणंच सोडतात, असंही त्यामागे असू शकतं. ते काहीही असो, "चाळिशी लागली की यकृत संपावर जातं" या समजुतीला पावती नाही.

वय खरं काम करतं ते आडवाटेने. दारू शरीरातल्या पाण्यात पसरते, चरबीत फारशी जात नाही. वयाबरोबर स्नायू घटतात, स्नायूंबरोबर पाणी घटतं, आणि तेवढीच दारू कमी पाण्यात मिसळते. बायकांच्या शरीरात मुळातच पाणी कमी, वजनाच्या साधारण निम्मं, पुरुषांत ६० टक्क्यांच्या आसपास. माझा धाकटा भाऊ ८५ किलोचा, मी ५८. म्हणजे त्याच्यात साधारण ५० लिटर पाणी, माझ्यात २९. दोघांनी ६० ग्रॅम घेतले तर माझ्या प्रत्येक लिटरमागे २ ग्रॅम, त्याच्या मागे १.२. कित्येक वर्षं मी त्याच्या ग्लासाला ग्लास लावून प्यायचे, आणि सकाळी तो खिडकीतून ऊन आत घेत "ताई, उठ की, नऊ वाजले" म्हणायचा तेव्हा मला त्याचा खून करावासा वाटायचा. हा सहनशक्तीचा प्रश्न नव्हताच. त्याची टाकी मोठी होती.

चाळिशीत बदललेली दुसरी गोष्ट म्हणजे झोप. पंचविशीत, दुसऱ्या दिवशी काम नसलं तर, आठवड्यातून एकदा रात्रभर जागायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचं. आता कितीही वाजता झोपले तरी सहाला घरातला कुणीतरी किंवा माझंच मूत्राशय उठवतं. वहीत सारख्या ग्रॅमांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा सात तास झोपलेल्या सकाळी डोक्याला ३ किंवा ४ मिळालेत, साडेचार-पाच तासांच्या सकाळी ६, ७, ८. माझ्यापुरता तरी हा सगळ्यात स्वच्छ हिशेब निघाला: ज्याला मी वय म्हणत होते त्यातलं बरंचसं गजराचं घड्याळ होतं.

तिसरं, रंग. गडद दारूत किण्वनाच्या आणि लाकडी पिंपांत मुरण्याच्या वेळी तयार झालेली इतर रसायनं जास्त असतात. मिथेनॉल, फ्युजेल तेलं, टॅनिन वगैरे. २०१०च्या एका अमेरिकी प्रयोगात बर्बन (अमेरिकी व्हिस्की) आणि व्होडका यांची तुलना झाली. बर्बनमध्ये ही रसायनं व्होडकाच्या ३७ पट. बर्बन पिणाऱ्यांना हँगओव्हर जास्त जाणवला. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं, की झोपेची नासाडी आणि कामातली ढिलाई दोन्हींत सारखीच. मुख्य गुन्हेगार अल्कोहोल, रंग हा साथीदार. व्होडका "स्वच्छ" म्हणून तिच्या जोरावर दोन जास्त घेतलेत तर फायदा तिथेच संपला.

"बिअरनंतर वाइन चालते, वाइननंतर बिअर नको" छापाची क्रमवारी मात्र मनातून काढून टाका. २०१९मध्ये जर्मनीत ९० लोकांना वेगवेगळ्या क्रमाने पाजून बघितलं, क्रमाचा काही फरक पडला नाही. सकाळचा अंदाज खरा ठरवणाऱ्या दोनच गोष्टी निघाल्या: रात्री किती चढल्यासारखं वाटत होतं, आणि उलटी झाली का. हे मला फार आवडलं. किती चढली ते सांगणाऱ्या ज्या यंत्राची आपण बाजारात शोधाशोध करतो ते आपल्याला उपजतच बसवलेलं असतं. मिश्र पिण्याचा त्रास खरा असतो, पण तो मिश्रणामुळे नव्हे. पेयं बदलत गेली की मोजणी सुटते.

आणि सिगारेट. ज्या रात्री पितात त्या रात्री जास्त ओढणाऱ्यांना, तेवढीच दारू पिऊनही, हँगओव्हर जास्त होतो. मी ओढत नाही, पण ओढणाऱ्यांच्या गराड्यात बसलेल्या रात्री वहीत ठसठशीत दिसतात. मात्र त्या रात्री उशीरही झाला होता, त्यामुळे हे कलम मी संशयित म्हणूनच ठेवलंय.

मी आता काय करते

सर्वात आधी, निघण्यापूर्वी, आकडा ठरवते. "बेताने घेऊ" हा आकडा नाही. माझा आकडा ४० ग्रॅम, आणि शेवटचा घोट झोपेच्या तीन तास आधी. तुमचा आकडा वजन, बाई की पुरुष, आणि सकाळी उठायची वेळ यांवर ठरेल. वहीतल्या चार-पाच नोंदींत तो आपोआप दिसतो. माझ्या ४० ग्रॅमच्या आतल्या एकवीस नोंदींपैकी डोक्याला ३च्या वर गेलेली एकच आहे, आणि त्या रात्री मला आधीपासून सर्दी होती.

जेवून जाते. थोडंसं तोंडात टाकून नव्हे, पोटभर, आणि त्यात स्निग्ध आणि प्रथिनं असतील असं. दारूचं शोषण मुख्यतः लहान आतड्यात होतं. पोट भरलेलं असलं की जठराचा खालचा दरवाजा उशिरा उघडतो आणि दारू हळूहळू पुढे सरकते. तेवढा वेळ यकृताला मिळतो. पिऊन झाल्यावर मध्यरात्री हादडलेल्या तेलकटाचा हा उपयोग नाही. घोडं तोवर वेशीबाहेर गेलेलं असतं, आणि उलट आडवं झाल्यावर आम्ल घशाशी येतं ते वेगळंच.

मध्ये मध्ये पाणी पिते, पण पाणी हे औषध आहे म्हणून नव्हे. हातात पाण्याचा ग्लास असला की कुणी दारूचा देत नाही, आणि अर्ध्या तासाला एकऐवजी तासाला एक असा वेग आपोआप पडतो. फेसाळत्या पेयांबाबत जपून राहते, कारण काही लोकांत बुडबुड्यांमुळे दारू लवकर रक्तात जाते. मी त्या काहींपैकी आहे असं वही म्हणते. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळलेली दारू पूर्ण वर्ज्य. कॅफिनमुळे झोप उडते, चढलेली कळत नाही, आणि चढलेली कळणं हाच तर आपला एकुलता एक भरवशाचा काटा.

ग्लास पूर्ण रिकामा झाल्याशिवाय पुन्हा भरू द्यायचा नाही, हा नियम सगळ्यात अवघड. यजमान प्रेमळ असले की अर्ध्या ग्लासावर ओततात आणि मोजणी कोलमडते. मी ग्लासावर तळहात ठेवते. तोंडाने "नको" म्हटलं तर आग्रह होतो, हाताशी कुणी वाद घालत नाही.

झोपताना ग्लासभर पाणी, उशाशी दुसरं. वेदनाशामक गोळी आगाऊ घेऊन झोपायची युक्ती मला एका मैत्रिणीने शिकवली होती, ती मी सोडली. गोळीचा असर सकाळपर्यंत संपून जातो, आणि पॅरासिटामॉल असेल तर ती नेमक्या त्याच यकृतावर जाऊन पडते जे आधीच ओव्हरटाइम करतंय. झोपेची गोळी तर दारूवर कधीच, कधीच घ्यायची नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

सकाळ उजाडलीच तर

आता उताऱ्यांचं. २०२२मध्ये 'ॲडिक्शन' या नियतकालिकात हँगओव्हरवरच्या २१ चाचण्यांचा आढावा आला. वनस्पतींचे अर्क, जीवनसत्त्वं, वेदनाशामकं, बरंच काही त्यात होतं. निष्कर्ष असा, की एकाही उपायाला भरवशाचा पुरावा नाही. जे थोडं आशादायक दिसलं तेही एकेकट्या छोट्या चाचणीतलं, दर्जाही कच्चा. तरी बाजारात पुड्या आणि गोळ्या विकल्या जातात. मी दोन प्रकारच्या घेऊन पाहिल्या, दोन्हींच्या नोंदी आसपासच्या नोंदींपेक्षा काही वेगळ्या नाहीत.

खुद्द उतारा, म्हणजे सकाळी पुन्हा थोडी घेणं, याने बरं वाटतं हे खरं आहे. त्याचं कारणही आहे. गडद दारूतलं मिथेनॉल शरीरात फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्ल होऊन त्रास देतं, पण ज्या विकराने ते होतं ते विकर इथेनॉल समोर असलं तर आधी इथेनॉलला हात घालतं. सकाळचा पेग म्हणजे रांगेत पुढे घुसलेला माणूस. मागचे तिथेच उभे असतात. हँगओव्हर पुढे ढकलला जातो, आणि ज्यांना ही सवय लागते त्यांची वाट पुढे कुठे जाते ते सांगायला नको.

मग काय करायचं? पाणी किंवा क्षार-साखरेचं पाणी, घोट घोट. उलट्या झाल्या असतील तर दुसरं जास्त बरं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. पोट घेईल ते साधं, पिष्टमय खाणं. रोज चहा-कॉफी पिणाऱ्यांनी नेहमीएवढी घ्यावी, नाहीतर कॅफिन न मिळाल्याची डोकेदुखी वरून येते. डोकं फारच ठणकत असेल तर दुपारकडे, दारू पूर्ण उतरल्यावर, एखादी गोळी, पाकिटावरच्या मात्रेच्या आत. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन खवळलेल्या पोटाला आणखी खवळवतात, पॅरासिटामॉल रोज पिणाऱ्याच्या यकृताला जड जातं. मग झोप, मिळेल तेवढी. घाम गाळून दारू बाहेर काढायला व्यायामाला जाऊ नका. घामातून आणि श्वासातून जाते ती जेमतेम चिमूटभर, बाकी सगळं यकृतच करतं. तोल, नजर आणि निर्णय तिन्ही ढिले असताना वजनं उचलायची म्हणजे दुसऱ्या वहीची सोय.

साधारण २४ तासांत हे सगळं ओसरतं. ओसरलं नाही तर ते दुसरं काहीतरी आहे, आणि त्यातले तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत.

रोज पिणाऱ्या माणसाचे सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, जीव घाबरा होत असेल आणि एक पेग घेतला की सगळं थांबत असेल, तर तो हँगओव्हर नाही. ती दारू कमी पडल्याची लक्षणं आहेत. अशा माणसाने एका दिवसात एकदम सोडायला जाऊ नये. झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रमही होऊ शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत हे व्यवस्थित करता येतं.

दुसरं, कुठून आली ते माहीत नसलेली दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजरेपुढे धुकं आलं, श्वास जोरजोरात चालू लागला, तर तो मिथेनॉलचा विषारी परिणाम असू शकतो. वाट बघायची नाही, उतारे करायचे नाहीत, थेट रुग्णालय.

तिसरं रात्रीचंच. माणूस हलवून उठत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, ओठ निळसर, अंग गार. "झोपू दे, उतरेल" म्हणून खोलीचं दार लावून घेऊ नका. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत शेजारी बसा. पोटातली दारू त्या बेशुद्धीतही रक्तात जातच असते.

वही ठेवायची असेल तर

सात रकाने पुरतात: काय प्यायलं, मिलिलिटर आणि टक्के, ग्रॅम, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, जेवण आधी की नंतर, झोपेचे तास, आणि सकाळी दहा वाजता डोक्याला व पोटाला दहापैकी गुण. गुण दहालाच द्यायचे. उठल्या उठल्या दिलेले गुण फसवे असतात, ते का ते वर आलंच आहे. शेरा असा रकाना मी सुरुवातीला ठेवला होता, पण त्यात फक्त शपथा जमायला लागल्या म्हणून काढून टाकला.

पहिले चार रकाने रात्रीच भरा, फोनवर, प्रत्येक ग्लासाच्या वेळी. सकाळी आठवून लिहाल तर शेवटचा ग्लास हमखास गायब होतो. माझ्या भावाने मागच्या वर्षी स्वतःची वही सुरू केली आणि महिन्याभराने मला अभिमानाने दाखवली. सगळ्या नोंदी दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलेल्या. एका रात्री, जेव्हा मी शेजारी बसून मोजत होते, त्याच्या वहीत तीन पेग आहेत. माझ्या फोनमध्ये त्याचे पाच आहेत.